बीपी १४० च्या आसपास आणि वय सत्तरच्या पुढं: गोळी सुरू करायची का थांबायचं?

खानापूर-बेळगाव साइडच्या आमच्या गावांत आरोग्य शिबिर झालं की दुसऱ्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठ्या घेऊन माणसं येतात. चिठ्ठीवर १४४/८२ नाहीतर १४८/७० असं काहीतरी लिहिलेलं असतं, सोबत मुलगा नाहीतर सून असते, आणि प्रश्न ठरलेला, "ह्याला गोळी लागते काय हो?" निम्मी माणसं घाबरलेली असतात, शेजारच्याची गोळी आजच द्या म्हणतात. बाकीची निम्मी म्हणतात वयाप्रमाणं एवढं असतंच की, वय अधिक शंभर हा हिशोब आमच्या वडिलांपासून चालत आलाय, आणि चिठ्ठी खिशात घालून निघून जातात.

दोन्ही चूक आहे. वय अधिक शंभर हा हिशोब कधीच मोडीत निघालाय, त्या हिशोबानं सत्तर वर्षांच्या माणसाचं १७० बीपी पण चालेल असं होतं आणि त्यातनंच लकवा मारतो. पण शिबिरातल्या एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करणं पण तितकंच घाईचं आहे. ह्या वयात आणि ह्या मधल्या आकड्यांत निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: घरातलं खरं ॲव्हरेज किती, शरीरात बाकी काय काय आहे, आणि माणूस उभा राहिला की बीपी किती पडतं. तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच बघत नाही, म्हणून मी हे एवढं लांबलचक लिहायला घेतलंय. मी डॉक्टर नाही, मेडिकल चालवतो, गोळीचा शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच, पण डॉक्टरांकडं जायच्या आधी घरात जी तयारी करायला पाहिजे ती तुमचीच आहे आणि ती केली तर डॉक्टरांचा पण निर्णय बरोबर येतो.

बॉर्डरलाइन म्हणजे नेमकं किती

वरचा १२० च्या खाली आणि खालचा ८० च्या खाली हा नॉर्मल. १४०/९० आणि त्याच्या वर म्हणजे हाय बीपी, आपल्या सरकारी दवाखान्यात हीच रेघ धरतात आणि जागतिक आरोग्य संघटना पण गोळी सुरू करायला साधारण हीच धरते. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संस्थांनी २०१७ ला ही रेघ १३०/८० वर आणली, युरोपवाल्यांनी हाय बीपीची रेघ १४०/९० वरच ठेवली. त्यामुळं एक डॉक्टर १३६ ला गोळी देतात आणि दुसरे म्हणतात काही गरज नाही, तर लगेच एकाला चुकीचं ठरवू नका, दोघं वेगवेगळ्या नियमावलीनं चाललेत एवढंच.

साठीच्या पुढं अजून एक गोष्ट होते. रक्तवाहिन्या ताठ होत जातात, त्यामुळं वरचा आकडा चढतो आणि खालचा उलट उतरतो. १५२/६८ असलं रीडिंग म्हाताऱ्या माणसांत खूप दिसतं. बघणारे म्हणतात खालचं तर छान आहे, काळजी नाही. तसं नाही, ह्या वयात धोका जास्त करून वरच्या आकड्यावरनंच कळतो.

मी पुढं बॉर्डरलाइन म्हणतोय ते असं धरा: साठ ते ऐंशी वयात वरचा १३० ते १४९, आणि ऐंशीच्या पुढं १४० ते १५९. खरा घोळ ह्याच पट्ट्यात आहे. १६० च्या वर सारखं राहत असेल तर फार विचार करत बसायचं नाही, ऐंशी वर्षांच्या माणसाला पण ट्रीटमेंटचा फायदा आहे. २००८ साली हायव्हेट नावाचा अभ्यास आला, त्यात सगळे ऐंशीच्या पुढचे आणि वरचं बीपी १६० किंवा जास्त असलेले होते, त्यांचं बीपी १५०/८० पर्यंत आणायचं ठरवून गोळ्या दिल्या तर मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी झालं.

आधी आकडा खरा आहे का बघा

दवाखान्यात बीपी कसं मोजलं जातं ते डोळ्यासमोर आणा. काका सकाळी गावातनं बसनं येतात, स्टँडवर चहा, तंबाखूची चिमूट, मग दवाखान्याचा जिना, आत पन्नास माणसं, नंबर लागला की स्टुलावर बसवतात, पाठीला टेकायला काही नाही, पट्टा स्वेटरच्या बाहीवरनं गुंडाळतात, हात खाली लोंबकळतोय, लघवी तुंबलेली, आणि डॉक्टर प्रेमानं विचारतात काय काका यंदा भात कसा आलाय, काका सांगायला लागतात आणि तेवढ्यात मशीन आकडा दाखवतं, १५६. ह्यातली एक न एक गोष्ट आकडा वर नेते, नुसतं बोलण्यानं पण दहाएक पॉइंट वाढू शकतात. शिवाय काही लोकांचं डॉक्टर दिसले की बीपी चढतं आणि घरी आलं की उतरतं. उलटं पण असतं, दवाखान्यात नॉर्मल आणि घरात जास्त, आणि हा प्रकार जास्त वाईट कारण तो कुणाला कळतच नाही.

म्हणून घरात मोजायचं. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं घेऊ नका. पट्ट्याचं माप बघून घ्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दाखवतं, आणि आज्जीचा दंड अगदी बारीक असेल तर नेहमीचा पट्टा सैल पडतो, दुकानात दंड मोजून विचारा. नवीन मशीन एकदा दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा, म्हणजे पुढं शंका नको.

मोजायची पद्धत अशी. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, विडी काही नाही, अंगमेहनतीचं काम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही (मांडी घालून पण नाही, आमच्याकडं बऱ्याच आज्जी खुर्चीत पण मांडी घालून बसतात), हात टेबलावर किंवा उशीवर, पट्टा छातीच्या लेव्हलला आणि उघड्या दंडावर. पाच मिनिटं शांत. टीव्ही बंद, मोबाइल बंद, नातवंडांना बाहेर पाठवा. मग एक रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर घ्या, ज्या हाताला जास्त येतं तोच हात पुढं कायम धरा, आणि दोन हातांत १५ च्या वर फरक दिसला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

असं सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. सकाळचं नाश्त्याच्या आणि कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या आधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, राहिलेल्या सहा दिवसांच्या २४ रीडिंगचं ॲव्हरेज काढा. वही करा, आकडे गोल करू नका, १४३ आलं तर १४० लिहू नका. आमच्याकडं एक काकू अशी वही घेऊन आल्या होत्या, सकाळ १४६/७८, १३८/७६, संध्याकाळ १३४/७४, १३१/७२, आणि बाजूला सुनेनं बारीक अक्षरात लिहिलेलं, रात्री गुडघा दुखून झोप नाही. ती एक ओळ डॉक्टरांना दहा रिपोर्टांपेक्षा जास्त कामाची आहे.

घरचं ॲव्हरेज १३५/८५ आलं तर ते दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीचं धरतात. म्हणजे दवाखान्यात १४८ आणि घरी १२८ असेल तर सध्या गोळीचा विषय नाही, पण वही ठेवा आणि सहा महिन्यांनी परत आठवडाभर मोजा, अशा लोकांचं पुढं खरंच वाढायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आकडे फारच वरखाली होत असतील तर डॉक्टर २४ तासांचं बीपी मशीन लावायला सांगतात, ते बेळगावात मोठ्या हॉस्पिटलात होतं, रात्री झोपेत बीपी उतरतं का ते त्यात कळतं. आणि घरच्या मशीनवर हृदयाचे ठोके अनियमित असल्याची खूण सारखी सारखी येत असेल तर बीपीचं राहू दे बाजूला, आधी ईसीजी काढा, ठोके अनियमित असतील तर मशीनचा आकडा पण नीट येत नाही आणि तो त्रास स्वतःच लकव्याचं मोठं कारण आहे.

उभं करून मोजा, हे विसरू नका

म्हाताऱ्या माणसाचं बसून १५० असतं आणि पहाटे लघवीला उठल्यावर ११५ होतं, डोळ्यापुढं अंधारी येते, मोरीच्या उंबऱ्यात पडतात. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, अंथरूण, आणि त्यातनं बरीच माणसं पूर्वीसारखी हिंडूफिरू शकत नाहीत. बसलेला आकडा बघून गोळी वाढवली तर हे पडणं आपणच घरात आणतो.

टेस्ट सोपी आहे, घरात होते. पाच मिनिटं आडवं झोपवा (जमत नसेल तर बसवा), बीपी घ्या. मग उभं करा, बाजूला कुणीतरी धरायला तयार राहा, खुर्ची मागं ठेवा. उभं राहिल्यावर एका मिनिटानं एक आणि तीन मिनिटांनी एक रीडिंग घ्या, हात मात्र छातीच्या लेव्हलला आधार देऊन. वरचा २० किंवा जास्त पडला, नाहीतर खालचा १० किंवा जास्त पडला, तर ते मोठ्या अक्षरात वहीत लिहा. चक्कर आली का, गरगरलं का, तेही लिहा. हे सकाळी उठल्याउठल्या एकदा आणि दुपारी जेवणानंतर तासाभरानं एकदा करा, कारण काही लोकांचं भरपेट जेवणानंतर पडतं.

पडत असेल तर त्याचा अर्थ बीपीची गोळी कधीच नको असा नाही. आधी पडायचं कारण शोधायचं. पाणी कमी पितात का, रात्री लघवीला उठायला नको म्हणून संध्याकाळपासनं पाणी बंद करणारी कितीतरी म्हातारी माणसं आहेत. प्रोस्टेटची टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू आहे का, झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी आहे का, जुनी शुगर आहे का. ते निस्तरल्यावर मग बीपीचं बघायचं.

गोळ्यांचा डबा टेबलावर उपडा करा

बीपी वाढवणारं औषध घरातच असतं आणि त्यावर बीपीची गोळी सुरू होते, हे काउंटरवरनं मला रोज दिसतं. सगळ्यात पहिला नंबर दुखण्याच्या गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक. भात लावणी झाली की कंबर, पावसाळ्यात गुडघे, लोक स्ट्रिपच्या स्ट्रिप नेतात. ह्या गोळ्या बीपी चढवतात, किडनीवर ताण टाकतात आणि बीपीच्या गोळ्यांचा परिणाम पण कमी करतात. नुसतं पॅरासिटामॉल त्या मानानं बरं, तेही डॉक्टरांना विचारून मापात. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करायला फेनिलेफ्रिन असतं, ते बीपी वाढवतं. स्टेरॉइड वाढवतं. आणि बाजारात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत दुखणं एकदम गायब, चेहरा गोल होतो, शुगर चढते. असल्या पुडीत स्टेरॉइड असायची शक्यता खूप असते, वडीलधाऱ्यांना असली पुडी घेऊ देऊ नका. पण रोज घेत असतील तर एका दिवसात तोडू पण नका, स्टेरॉइड अचानक थांबवलं तर माणूस गळून जातो, डॉक्टरांना दाखवूनच बंद करा.

रोज ज्येष्ठमध चघळणं, पोटासाठी रोज सोडा किंवा फसफसणारी पावडर घेणं, ह्यानं पण वाढतं. घोरणं खूप असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा.

शरीरात बाकी काय आहे

१४२ हाच आकडा एका माणसाला चालून जातो आणि दुसऱ्याला नाही. आधी हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, लकवा झालेला असेल, शुगर असेल, किडनी कमजोर असेल, तर तो माणूस बॉर्डरलाइन नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात सांगितलंय की हृदयाचा किंवा लकव्याचा आजार असलेल्यांना १३० पासनंच गोळी सुरू करा, आणि शुगर, किडनी किंवा एकूण धोका जास्त असलेल्यांना पण १३० च्या वर विचार करा.

आजार माहीतच नसेल तर शोधायचा. साध्या टेस्ट आहेत: रक्तातली शुगर, क्रिएटिनिन (ह्यावरनं किडनी कशी चालते ते कळतं), सोडियम-पोटॅशियम, कोलेस्टेरॉल, लघवीत प्रोटीन जातंय का, आणि एक ईसीजी. लघवीची टेस्ट लोक सोडून देतात, पण लघवीत प्रोटीन जात असेल किंवा ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्याची खूण असेल, तर बीपी बरेच दिवस त्रास देतंय हे कळतं आणि मग थांबायचा प्रश्न उरत नाही. बीपी आणि शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बघतात. निपाणी-चिकोडीकडं तंबाखूच्या कामातली माणसं आणि आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या बायका, ह्यांनी डॉक्टरांना तंबाखूचं स्पष्ट सांगावं. मिश्री म्हणजे तंबाखूच की, कुणी विचारलं की तंबाखू खात नाही म्हणतात.

आता निर्णय

आधी अभ्यास काय म्हणतात ते, कारण ह्याच्यावरनं वाद चालतात. २०१५ च्या स्प्रिंट अभ्यासात ९३६१ माणसं होती, पन्नाशीच्या पुढची, त्यात ७५ च्या पुढची २६३६. वरचं बीपी १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा १२० च्या खाली ठेवलं तर हृदयाचे मोठे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, म्हाताऱ्यांत पण फायदा दिसला. ऐकायला मोठं वाटतं, पण साधारण सव्वातीन वर्षं ६१ जणांना कडक ट्रीटमेंट दिली तेव्हा एकाचा मोठा त्रास टळला, आणि कडक गटात बीपी फार पडणं, भोवळ, किडनीचा त्रास हे जास्त झालं. त्यात शुगरवाले घेतले नव्हते, लकवा झालेले घेतले नव्हते, उभं राहून ११० च्या खाली जाणारे घेतले नव्हते. म्हणजे चालती-फिरती माणसं. दुसरा होप-३, २०१६ चा, हृदयाचा आजार नसलेले १२,७०५ जण, सुरुवातीचं ॲव्हरेज बीपी १३८. त्यात सगळ्यांना मिळून गोळीचा फायदा दिसला नाही, फायदा झाला तो ज्यांचं आधीच १४३ च्या वर होतं त्यांना. हे दोन्ही शेजारी ठेवले की मला तरी एवढं कळतं, की १४५ च्या आसपास असलेल्या धडधाकट माणसाला गोळीत दम आहे, आणि १३४ ला बाकी काहीच नसलेल्या माणसाला घाई नाही.

साठ ते ऐंशीचा माणूस, शेतात नाहीतर बाजारात स्वतः जातो, घरचं ॲव्हरेज १३५ च्या वर, उभं राहिल्यावर पडत नाही: तीन महिने खाणं-चालणं सुधारा, तरी खाली आलं नाही तर गोळी सुरू करणं रास्त. घरचं १४५-१५० असेल तर तीन महिने पण थांबायला नको, दोन्ही एकदम सुरू करा. घरचं १३५ च्या खाली आणि कुठला आजार नाही: गोळी नको, वही चालू ठेवा. अमेरिकेच्या नियमानं ६५ च्या पुढं १३० लाच गोळी देतात, तुमचे डॉक्टर तसं म्हणाले आणि आई-बाबा तब्येतीनं ठणठणीत असतील तर तेही चुकीचं नाही, फक्त मग उभं राहून मोजणं सोडू नका.

ऐंशीच्या पुढं आकड्याआधी माणूस बघायचा. खुर्चीतनं हाताचा आधार न घेता उठतात का? वर्षभरात पडलेत का? वजन उतरतंय का? विसरतात का, गोळी घेतली का नाही ते आठवतं का? अंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो का? ८३ वर्षांचे आजोबा रोज येळ्ळूरच्या गडाच्या पायथ्यापर्यंत चालून येत असतील आणि बीपी १५४ असेल तर त्यांना गोळी मिळायलाच पाहिजे, वय झालं म्हणून सोडून देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि त्याच वयाच्या आज्जी अंथरुणाला टेकलेल्या, दोन घास जेवण, वरचेवर पडणाऱ्या, बीपी १४८, तर तिथं गोळीनं मिळणारा फायदा दूर आणि पडायचा धोका आजच आहे. तिथं थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आज्जींना स्वतःला काय पाहिजे ते पण विचारा. आपण मुलं आपसातच ठरवतो.

थांबायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही, वही चालू ठेवायची. पण छातीत दुखणं, एकदम दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एक हात-पाय लुळा पडणं ह्यातलं काहीही दिसलं तर बीपी मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर, आणि खानापूरच्या आतल्या गावांतनं बेळगावला पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. आणि घरात बीपी २०० दिसलं म्हणून कुणाची तरी गोळी जिभेखाली ठेवायची नाही, एकदम पडलं तर ते जास्त वाईट.

तीन महिने काय करायचं

मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. भाजी-आमटीतलं मीठ अर्धं करायच्या आधी ताटातलं बघा: लोणचं, पापड, सांडगे, खर्डा, खारा बांगडा आणि सुकट, बेकरीची खारी आणि टोस्ट, संध्याकाळचा चिवडा-शेव. वर ताटात मिठाची चिमूट वेगळी. बऱ्याच घरांत ताटातलं मीठ बंद केलं, लोणचं रविवारी एक फोड केली आणि चहाबरोबरची खारी सोडली एवढ्यावरच फरक पडतो. सैंधव मीठ घेतलं म्हणजे चालतं असं नाही, ते पण सोडियमच.

सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं मीठ मिळतं, चीनच्या खेड्यांत जवळजवळ २१ हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला, २०२१ ला निकाल आला, लकवा १४ टक्क्यांनी कमी. चांगली गोष्ट आहे. पण किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात.

दुसरं टोक पण सांगतो. आज्जी आधीच हडकुळ्या, त्यात घरच्यांनी सगळं आळणी केलं आणि त्यांनी जेवणच टाकलं, असं करू नका. अशा माणसाला पोटभर जेवण जास्त महत्त्वाचं.

चालणं रोज अर्धा तास, ऊन चढायच्या आत, थोडा दम लागेल पण बोलता येईल एवढ्या वेगानं. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की बीपी साधारण एक पॉइंट उतरतं. तंबाखू, मिश्री बंद. दारू बंद. डाळी, पालेभाज्या, फळं वाढवा. तीन महिन्यांनी परत तीच सात दिवसांची वही. थंडीत बीपी उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त येतं, डिसेंबरचा आकडा मे महिन्याशी लावताना ते ध्यानात ठेवा.

गोळी सुरू झाली तर

म्हाताऱ्या माणसाला एकच गोळी, लहान डोस, हळूहळू. अॅम्लोडिपिन बऱ्याचदा २.५ पासनं सुरू करतात, पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी कमी झालं नाही म्हणून डोस वाढवायला पळू नका. त्यानं पायाला सूज येऊ शकते, ती किडनीची सूज नव्हे, डॉक्टरांना दाखवा, गोळी बदलता येते. टेल्मिसार्टन सुरू केलं किंवा वाढवलं तर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासायचं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर सोडियमवर लक्ष, विशेषतः एप्रिल-मेमध्ये शेतात घाम गाळणाऱ्यांचं. म्हातारा माणूस अचानक गोंधळल्यासारखा बोलायला लागला, सुस्त झाला, तर वय झालं म्हणू नका, सोडियम तपासा. उलटी-जुलाब लागले आणि पाणी पोटात ठरत नसेल तर ह्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी परत उभं करून मोजायचं. एक डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बीपी १२६ आलं म्हणजे बरं झालं असं समजून स्वतः बंद करू नका, ते गोळीमुळंच आलंय. पण गोळी एकदा लागली की मरेपर्यंत तेवढीच, असंही नाही. वजन उतरलं, जेवण कमी झालं, चक्कर यायला लागली, बीपी सारखं ११० च्या आसपास राहायला लागलं, तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी बंद पण करतात, ते मागून घ्या.

शेवटची गोष्ट आपल्या सीमाभागातल्या घरांची. बाबा सहा महिने इथं, दोन महिने कोल्हापूरला मुलीकडं, मधे मिरजेला डोळे दाखवायला, तिथं कुणीतरी बीपी बघून चिठ्ठी दिली. इथल्या केंद्राचं कार्ड कन्नडात, तिकडची फाइल मराठी-इंग्रजीत, आणि पिशवीत दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिपा, नाव वेगळं, आत दोन्हीत टेल्मिसार्टनच. माणूस दोन्ही घेतोय आणि चक्कर येते म्हणून तिसरी गोळी मागतोय. म्हणून एकच वही, त्यात गोळीचं कंपनीचं नाव नाही तर आतल्या औषधाचं नाव, डोस, कुठल्या डॉक्टरांनी कधी सुरू केली, आणि बाजूला बसून आणि उभं राहून घेतलेलं बीपी. ब्रँड कळत नसेल तर स्ट्रिप घेऊन कुठल्याही मेडिकलवर जा आणि आतलं औषध वहीत लिहून द्या म्हणा. आकडे सगळ्या डॉक्टरांना वाचता येतात, मग दवाखाना बेळगावातला असो नाहीतर कोल्हापुरातला. दर सहा महिन्यांनी ती वही आणि सगळ्या स्ट्रिपा एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढं ठेवा आणि विचारा, ह्यातली कुठली अजून लागते.